पेन्शनची जोखीम कुणाच्या माथी?

नाशिकच्या सातपूर वसाहतीतल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी बावीस वर्षं काढली. हजेरी, पगारपत्रक, ओव्हरटाइमचा हिशेब आणि दर महिन्याचं पीएफचं चलन ही माझी कामं. निवृत्त होणाऱ्या प्रत्येक कामगाराचा पेन्शनचा फॉर्म, म्हणजे १०-डी, माझ्याच टेबलावर भरला जायचा. २०२३ च्या डिसेंबरात मेंटेनन्समधले एक फिटर अठ्ठावन्न पूर्ण करून निवृत्त झाले. अठ्ठावीस वर्षांची सलग नोकरी, खाडा जवळजवळ नाहीच. फॉर्म भरता भरता मी त्यांना पेन्शनचा आकडा कागदावर काढून दाखवला. चार हजार रुपये. त्यांनी कागद जवळ ओढला, आकड्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "मॅडम, ही सुरुवातीची असेल ना? पुढं वाढत जाईल?"

वाढणार नव्हती. आज चार हजार, सत्तरीत चार हजार, ऐंशीतही चार हजार. हे त्यांना सांगताना मला जे वाटलं, त्यातूनच हा लेख लिहितेय.

हिशेब कसा बसतो ते आधी सांगते. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाली, म्हणून तिला सगळे ईपीएस-९५ म्हणतात. सूत्र सोपं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सत्तर. ग्यानबाची मेख 'पेन्शनपात्र' या शब्दात आहे. फिटरदादांचा बेसिक आणि डीए मिळून तीस हजारांच्या वर गेला होता. पण योजनेच्या लेखी ते ऑगस्ट २०१४ पर्यंत साडेसहा हजार पगाराचे कामगार होते आणि १ सप्टेंबर २०१४ पासून पंधरा हजारांचे. कारण पगाराची कमाल मर्यादाच तेवढी. साडेसहा हजारांवर अठरा वर्षं आठ महिने, पंधरा हजारांवर नऊ वर्षं चार महिने, वीस वर्षांहून जास्त नोकरी झाली म्हणून दोन वर्षं वाढीव. बेरीज चार हजार. आज नोकरीला लागणारा मुलगा पस्तीस वर्षं राबला आणि मर्यादा जिथल्या तिथे राहिली, तर त्याची पेन्शनही आठ हजारांच्या आतच बसेल.

आता मला जे म्हणायचंय ते. आपल्याकडे पेन्शनवर वाद होतो तो दोनच गोष्टींवर. एक, यंदा पीएफला किती टक्के व्याज मिळालं. दोन, जुनी पेन्शन की नवी. या दोन्हींमागचा खरा प्रश्न कुणी विचारत नाही: म्हातारपणाच्या पैशाला ज्या जोखमी असतात, त्यातली कुठली कुणी उचलायची? जोखीम नाहीशी करता येत नाही. सरकारच्या अंगावरची काढली की ती कामगाराच्या अंगावर जाते, कामगाराच्या अंगावरची काढली की मालकाच्या, नाहीतर पुढच्या पिढीच्या. आणि माझं ठाम मत असं झालंय की आपल्या खासगी क्षेत्रातल्या पेन्शनमध्ये सगळ्यात मोठी जोखीम सगळ्यात दुबळ्या माणसावर टाकली गेली आहे, तीही गाजावाजा न करता.

फिटरदादांच्या पेन्शनचा एक पैसा शेअर बाजारात बुडाला नाही. योजना सरकारी, पेन्शन दर महिन्याला वेळेवर. कुठं घोटाळा नाही, कुठं दिवाळं नाही. तरीही ते हरले. त्यांना हरवलं महागाईनं आणि वर्षानुवर्षं गोठून राहिलेल्या पगारमर्यादेनं. महागाई वर्षाला पाच टक्के धरली तर चौदा-पंधरा वर्षांत रुपयाची किंमत निम्मी होते. म्हणजे ते बाहत्तर-त्र्याहत्तरचे होतील तेव्हा त्यांच्या चार हजारांत आजच्या दोन हजारांचा किराणा येईल. औषधांचा खर्च नेमका त्याच वयात वाढतो. ठरलेली रक्कम म्हणजे सुरक्षित रक्कम, हा समज आपण इतका पक्का धरून बसलोय की या नुकसानीला आपण नुकसान म्हणतच नाही. बाजार एका दिवसात पाच टक्के पडला तर पहिल्या पानावर बातमी येते. महागाई दर वर्षी पेन्शनचा तेवढाच लचका तोडते, त्याची ओळही छापून येत नाही.

किमान पेन्शनचंही तसंच. राज्यसभेच्या याचिका समितीनं २०१३ साली किमान तीन हजार रुपये पेन्शन द्यावी अशी शिफारस केली होती. समितीचे अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी, जे पुढे आपल्या राज्याचे राज्यपाल झाले. पुढच्या वर्षी सरकारनं किमान पेन्शन ठरवली ती एक हजार. त्यानंतर दहा वर्षं उलटून गेली तरी आकडा तिथंच उभा होता. बुलढाण्यात या पेन्शनरांनी वर्षानुवर्षं साखळी उपोषण चालवलं. साडेसात हजार आणि त्यावर महागाई भत्ता ही त्यांची मागणी. मांडवात बसणारे साखर कारखान्यातले, सूतगिरण्यांतले, सहकारी बँकांतले, एसटीतले लोक. सत्तरी गाठलेली माणसं. देशभरात असे पाऊण कोटीहून जास्त पेन्शनर आहेत आणि त्यातल्या बहुतेकांची पेन्शन चार हजारांच्या आत आहे.

सरकारचं उत्तर ठरलेलं असतं: निधीच्या मूल्यांकनात तूट दिसते, वाढ परवडणार नाही. हे उत्तर खोटं आहे असं मी म्हणणार नाही. ज्यांनी चलनं भरली आहेत त्यांना माहीत असतं की या निधीत पैसा किती येतो. मालकाच्या बारा टक्क्यांतले ८.३३ टक्के, तेही पंधरा हजारांवरच, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये. केंद्र सरकारचे १.१६ टक्के. बस. त्यातून हयातभर पेन्शन, मागे बायकोला अर्धी, मुलांना पंचविशीपर्यंत वाटा, अपंगत्व आलं तर त्याचीही पेन्शन. योजनेत दर वर्षी मूल्यांकन करायची तरतूद पहिल्यापासून आहे, आणि सुरुवातीच्या काही वर्षांत त्या आधारावर पेन्शनमध्ये थोडी थोडी वाढ दिलीही गेली होती. मग ती थांबली. म्हणजे महागाईशी पेन्शन जुळवत राहायची कल्पना योजना करणाऱ्यांच्या डोक्यात होती. पैसा कमी पडायला लागला तेव्हा पहिल्यांदा ती कापली गेली, कारण तिच्या कापण्यानं कुणाच्या हातातली रक्कम कमी झालेली दिसत नाही.

सरकारी नोकरांची गोष्ट याहून वेगळी घडली, आणि तिच्यातून शिकण्यासारखं खूप आहे. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्य सरकारच्या सेवेत आलेल्यांची जुनी पेन्शन गेली. केंद्रानं ते आधीच, १ जानेवारी २००४ पासून केलं होतं. जुन्या पद्धतीत निम्मा पगार आणि त्यावर महागाई भत्ता, सगळी जोखीम सरकारवर. नव्यात कर्मचाऱ्याची कपात, सरकारचा वाटा, बाजारात गुंतवणूक आणि शेवटी जे साठेल ते. त्यातल्या निदान चाळीस टक्क्यांतून विमा कंपनीकडून पेन्शन विकत घ्यायची. एका उडीत सगळी जोखीम कर्मचाऱ्यावर. बाजार कसा चालेल, निवृत्तीच्या वर्षी विमा कंपन्या काय दर देतील, आपण किती वर्षं जगू, हे सगळं तालुक्याच्या गावातल्या एका शिक्षकानं एकट्यानं पेलायचं.

१४ मार्च २०२३ ला संप सुरू झाला, 'एकच मिशन, जुनी पेन्शन'. सात दिवस दवाखाने, शाळा, कचेऱ्या ओस पडल्या. त्या दिवसांत बरंच वाईट बोललं गेलं, या लोकांना एवढा पगार असून आणखी हवंय म्हणून. माझी नणंद प्राथमिक शिक्षिका आहे, २००५ नंतरची. तिच्याकडून मी जे ऐकलं त्यात बाजाराबद्दल तक्रार फारच थोडी होती. कपात झालेल्या पैशांचा हिशेब वर्षानुवर्षं हातात मिळाला नाही, ही पहिली तक्रार. दुसरी आणि खोल जखम अशी की तिच्या बरोबरीचे एक शिक्षक नोकरीत असताना गेले आणि घरच्यांना कुटुंब निवृत्तिवेतन मिळालं नाही. सव्वीसशे रुपयांच्या कपातीतून साठलेली छोटीशी रक्कम, एवढंच. नवी योजना आखताना गुंतवणुकीचा विचार बारकाईनं झाला होता. पस्तिशीत कर्ता माणूस गेला तर काय, याचा झाला नव्हता. राज्यानं कुटुंब निवृत्तिवेतन आणि मृत्यू उपदानाचा निर्णय काढला तो ३१ मार्च २०२३ ला, संप मिटल्यावर अकरा दिवसांनी. हा निर्णय अठरा वर्षं आधी झाला असता तर निम्मा राग उसळलाच नसता, असं मला वाटतं.

पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रानं एकीकृत पेन्शन योजना आणली आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं ती स्वीकारली. पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी बेसिकच्या निम्मी पेन्शन, त्यावर महागाईची वाढ, दहा वर्षं सेवा झाली तर किमान दहा हजार. आणि कर्मचाऱ्याची दहा टक्के कपात कायम. जुन्या योजनेतला भरवसा आणि नव्या योजनेतली बचत असा हा मेळ. जोखीम वाटून घेण्याचा हा मला माहीत असलेला आपल्याकडचा सगळ्यात समजूतदार प्रयत्न आहे. जुनी पेन्शन जशीच्या तशी परत आणण्याच्या बाजूची मी नाही. तिच्यासाठी बाजूला पैसा ठेवलेला नसतो. आजच्या निवृत्तांची पेन्शन आजच्या करातून आणि उद्याच्यांची उद्याच्या करातून. म्हणजे जोखीम अशा मुलांवर, ज्यांना अजून मतही नाही. आणि त्यातली बहुतेक मुलं सरकारी नोकरीत जाणार नाहीत, माझ्या फिटरदादांसारखीच कुठल्या तरी कारखान्यात जातील.

इथं मला फरक खुपतो तो असा. एकाच राज्यात, एकाच काळात निवृत्त झालेले दोन लोक. एकाची किमान पेन्शन दहा हजार, महागाईशी बांधलेली. दुसऱ्याची किमान एक हजार, कशाशीच न बांधलेली. पहिल्याकडे संपाची ताकद होती. दुसऱ्याचा कारखाना कदाचित बंदही पडला असेल. संप करणार कुणाविरुद्ध?

आता किमतीबद्दल, म्हणजे भरलेल्या रुपयाच्या बदल्यात काय मिळतं त्याबद्दल. हा हिशेब मी निवृत्तीच्या आदल्या वर्षी एका रविवारी मुद्दाम मांडला होता. महिन्याला १,२५० रुपये, तीस वर्षं, पीएफच्या २०२३-२४ च्या ८.२५ टक्के दरानं, दरमहा चक्रवाढ धरून साठवले तर साडेएकोणीस लाखांच्या आसपास होतात. त्याच तीस वर्षांच्या नोकरीवर ईपीएसची पेन्शन येते महिन्याला ६,८५७. वर्षाचे ब्याऐंशी हजार. म्हणजे साठलेल्या रकमेच्या सव्वाचार टक्क्यांहूनही थोडी कमी, आणि मुद्दल परत नाही. तेच साडेएकोणीस लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत ८.२ टक्क्यांनी ठेवले तर महिन्याला तेरा हजारांहून जास्त व्याज येईल आणि मुद्दल मुलांसाठी शिल्लक राहील. तीस वर्षं तोच दर मिळेल याची खात्री नाही, हे मान्य. तरी दुपटीचा फरक आहे. हा आकडा मी शिफ्ट सुटल्यावर चहाच्या टपरीवर सांगितला तेव्हा एक तरुण ऑपरेटर म्हणाला, "मग ही पेन्शन बंदच करा, पैसे आमच्या खात्यात टाका."

त्याचं म्हणणं मला पटलं नाही, आणि का ते सांगायला हवं. त्याच्या आदल्या वर्षी आमच्या पॅकिंग विभागातला एक कंत्राटी मुलगा गोंदे फाट्याजवळ अपघातात गेला. दीड वर्षाची नोकरी, अकरा हजार पगार, मागे बायको आणि दोन लहान मुलं. त्याच्या पीएफ खात्यात तीस-एक हजार होते. फक्त बचतीची योजना असती तर त्या बाईच्या हातात तीस हजार पडून विषय संपला असता. पण नोकरीत असताना मृत्यू झाला तर एका महिन्याची वर्गणीही ईपीएसमध्ये पुरते. तिला दरमहा विधवा पेन्शन सुरू झाली, दोन्ही मुलांना वेगळी. आणि ईडीएलआय या विम्याचे चार लाखांच्या आसपास मिळाले, ज्याचा हप्ता मालक भरतो, पगाराच्या अर्धा टक्का. त्या मुलाला ईडीएलआय हा शब्दही माहीत नव्हता. तीस वर्षं भरणाऱ्याला दोन पैसे कमी मिळतात ते असे कुठंतरी गेलेले असतात. एकाच्या घरावर आलेलं संकट सगळ्यांनी मिळून उचलणं ही खरी किंमत आहे, आणि ती व्याजाच्या टक्क्यात मोजता येत नाही.

माझी तक्रार आहे ती हे सगळं कामगाराला कुणी सांगत नाही याची. पीएफचं पासबुक उघडा. पेन्शनचा एक रकाना असतो. १,२५०, १,२५०, १,२५०, महिन्यामागून महिना. या पैशाचं पुढे काय होणार, साठाव्या वर्षी किती हातात येईल, मी उद्या गेलो तर घरी किती जाईल, यावर एक शब्द नाही. वर्षातून एकदा एक पान, मराठीत, मोबाइलवर पाठवता येणार नाही का? आजच्या रुपयांत तुझी पेन्शन इतकी, तुझ्या कुटुंबाचं संरक्षण इतकं. माणसाला आकडा दिसला की तो प्रश्न विचारतो, आणि प्रश्न विचारणारे पाच-सात कोटी लोक असले की पगारमर्यादा दहा-दहा वर्षं गोठवून ठेवणं सोपं राहत नाही.

न सांगितल्याचा दुसरा परिणाम मी रोज पाहिला: १०-सी, म्हणजे पेन्शनचे पैसे काढून घ्यायचा फॉर्म. नोकरी सुटली, दुसरी लागली, मधल्या दोन महिन्यांत पोरगा टेबलाशी येऊन उभा. "मॅडम, फंड काढायचाय. पेन्शनचा पण काढून टाका." दहा वर्षं पूर्ण व्हायच्या आत पेन्शनचे पैसे काढता येतात, पण ते कोष्टकानं मिळतात. चार वर्षांच्या नोकरीला पगाराच्या ४.१८ पट. पंधरा हजारांवर ६२,७०० रुपये. त्याच्या नावानं जमा झाले होते साठ हजार. म्हणजे चार वर्षांचं व्याज सत्तावीसशे. शिवाय ती चार वर्षं नोकरीतून पुसली गेली. काही मुलांनी तीनदा असं केलं. बारा वर्षं कामाची, पेन्शनला शून्य. त्यांना मी स्कीम सर्टिफिकेट घ्या म्हणायचे, सेवा जोडली जाईल, दहा वर्षं भरतील. दहातला एखादा ऐकायचा. बाकीच्यांना भाड्याची, बहिणीच्या लग्नाची, हप्त्याची घाई असायची, आणि त्यांना दोष द्यावा असं मला कधी वाटलं नाही. कंत्राटदार अकरा महिन्यांनी बदलतो, प्रत्येक नवा कंत्राटदार नवा यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, काढतो, आधारवर नाव एक आणि खात्यावर दुसरं. पैसा अडकण्याची भीती एवढी की हातात येईल तेवढा घेऊन मोकळं व्हावंसं वाटतं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफचा कारभार पाहणाऱ्या ईपीएफओच्या विश्वस्त मंडळानं यावर निर्णय घेतला. खात्यात पंचवीस टक्के रक्कम राखून ठेवायची आणि पेन्शनचे पैसे काढायला दोन महिन्यांऐवजी छत्तीस महिने थांबायचं. त्या वेळी सरकारनंच सांगितलं की अंतिम हिशेब करताना निम्म्या सभासदांच्या पीएफमध्ये वीस हजारांहून कमी शिल्लक असते. निर्णयावर खूप टीका झाली, आमचाच पैसा आम्हाला नाही म्हणून. मला दिशा बरोबर वाटते, पण अर्धीच वाटते. दार बंद करताना आतला माणूस उपाशी राहणार नाही हे आधी पाहावं लागतं. नोकरी गेलेल्याला तीन महिने तग धरायला काही नसेल, तर छत्तीस महिने थांब म्हणणं म्हणजे त्याला सावकाराकडे पाठवणं.

काही मोठ्या कारखान्यांत पीएफ ईपीएफओकडे नसून कंपनीच्याच ट्रस्टमध्ये असतो. तिथल्या कामगारांना वाटतं आपण जास्त सुरक्षित. २०१८ च्या सप्टेंबरात आयएल अँड एफएस या बड्या वित्त कंपनीनं पैसे थकवले तेव्हा असे कितीतरी ट्रस्ट अडकले, कारण थोड्याच दिवसांपूर्वीपर्यंत त्या कंपनीच्या रोख्यांवर ट्रिपल एचा, म्हणजे सगळ्यात सुरक्षित असल्याचा, शिक्का होता. वर्षभरानं उत्तर प्रदेशात वीज मंडळाच्या कर्मचाऱ्यांचे दोन हजार कोटींहून जास्त रुपये डीएचएफएल या एकाच कंपनीत अडकल्याचं उघड झालं. एका टोपलीत एवढी अंडी ठेवली कुणी, हे कर्मचाऱ्यांना वर्तमानपत्रातून कळलं. ट्रस्टला तोटा झाला तर मालकानं भरून द्यायचा असा नियम आहे, पण मालकच बुडाला तर? दाभोळमुळे आपल्याला ठाऊक झालेली एन्रॉन डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेत बुडाली तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्यांची निवृत्तीची निम्म्याहून जास्त बचत त्याच कंपनीच्या शेअरमध्ये होती. एकाच दिवशी नोकरीही गेली आणि म्हातारपणही. म्हणून ट्रस्टवर कामगारांचे जे प्रतिनिधी असतात त्यांनी सभेला जाऊन सही करून परत येऊ नये. पैसा कुठे कुठे ठेवलाय याची यादी मागावी, कँटीनच्या फलकावर लावावी. आमच्याकडे दिवाळीच्या बोनसवर महिनाभर वाटाघाटी व्हायच्या. पीएफच्या गुंतवणुकीवर एकदाही झाली नाही.

आणि निवृत्तीच्या दिवशीची गोष्ट. फिटरदादांना पीएफचे सतरा लाख मिळाले. त्यांनी विचारलं, "हे इथंच राहू दे आणि मला महिन्याला थोडे थोडे द्या, असं होतं का?" होत नाही. निवृत्तीनंतर तीन वर्षांत पैसे काढले नाहीत तर खातं निष्क्रिय होतं आणि व्याज थांबतं. चाळीस वर्षं बचत करायला शिकवणारी व्यवस्था शेवटच्या दिवशी सगळी रक्कम एका हातात देते आणि पाठ फिरवते. दोन वर्षांत त्यातले नऊ लाख घराच्या वरच्या मजल्याला गेले, तीन मुलाच्या धंद्याला. माझ्या ओळखीतल्या बहुतेक घरांत थोड्याफार फरकानं हेच. किती वर्षं जगू हे माहीत नसलेल्या माणसाच्या हातात एकरकमी पैसा देणं ही सगळ्यात मोठी जोखीम त्याच्या अंगावर टाकणं आहे. पीएफ कार्यालयाकडे पैसा आहे, खातं आहे, बँकेचा तपशील आहे. ज्या निवृत्ताला हवं त्याला शिल्लक तिथंच ठेवून, व्याजासह दरमहा ठरावीक रक्कम घेता आली पाहिजे. यासाठी सरकारला तिजोरीतून रुपयाही घालावा लागणार नाही, फक्त नियम बदलावा लागेल. हे अजून का झालं नाही, हे मला खरंच समजत नाही.

पेन्शनवाढीसाठी मात्र पैसा लागेल, आणि तो कुठून यावा यावर मी बुलढाण्याच्या मांडवातल्या लोकांपासून थोडी वेगळी आहे. सगळ्यांना सरसकट साडेसात हजार निधीतूनच द्यावेत, हे मला पटत नाही. कारण मग टपरीवरच्या त्या तरुण ऑपरेटरच्या वाट्याला रिकामी पेटी येईल. किमान पेन्शनमधली वाढ अर्थसंकल्पातून यावी. सरकारचे १.१६ टक्के वाढावेत. पगारमर्यादा महागाईबरोबर आपोआप सरकावी, म्हणजे निधीत पैसाही जास्त येईल आणि पेन्शनही. मालक ओरडतील, माझे जुने साहेब सगळ्यात आधी ओरडतील. पण मुंबई-पुण्यात कुशल कामगाराचं किमान वेतनच पंधरा हजारांच्या जवळ जायला लागलं, तेव्हा ही मर्यादा कुणाच्या सोयीची आहे हे सांगायची गरज उरलेली नाही. आणि एक गोष्ट उद्याची वाट न पाहता व्हावी: जी पेन्शन आज मिळते, ती चार हजार असो की अकराशे, दर वर्षी महागाईनुसार वाढावी, निदान पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांची आणि विधवांची. त्यांची संख्या मोजता येते, वयं नोंदलेली आहेत, खर्चाचा अंदाज एका आठवड्यात काढता येईल.

गेल्या दिवाळीत फिटरदादा घरी आले होते. हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून आता होतो, पण त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, चेहरा जुळत नव्हता. आम्ही दोघांनी मिळून तो चौथ्या खेपेला जुळवला. निघताना वहिनींनी मला बाजूला घेऊन विचारलं, यांच्यामागे मला किती मिळतील. मी सांगितलं, दोन हजार. त्यांनी मान हलवली आणि पिशवीतून चिवड्याचा डबा काढून माझ्या हातात दिला.